गिटार वाढव, असं कुणी सांगितलं?

पत्र लिहिणारी 26 वर्षांची. गाव कागल तालुक्यात, नोकरी शिरोलीच्या एका फाउंड्रीत हिशेबाला. कविता लिहिते, मुक्तछंदात आणि घरच्या बोलीत. गेल्या वर्षभरात कॉलेजचा एक मित्र गिटारवर आणि त्याचा भाऊ कॅहॉनवर (वर बसून हातानं वाजवायची लाकडी पेटी), अशा साथीनं तिनं कोल्हापुरातल्या कॅफेंत चार-पाच कार्यक्रम केले. टाळ्या मिळाल्या, व्हिडिओ फिरले. सगळ्यात गाजली ती 'पाळी' नावाची कविता: कारखान्यातली पाळी आणि बाईची पाळी, एकाच शब्दात. आता जानेवारीत शाहू स्मारक भवनात तासाभराचा कार्यक्रम ठरतोय. मित्र म्हणतो, ओळी तोड आणि एक ध्रुवपद घाल, म्हणजे लोक सोबत म्हणतील. ज्यांना ती गुरुस्थानी मानते ते ज्येष्ठ कवी म्हणाले, 'कविता कागदावर उभी राहिली पाहिजे. वाद्यांच्या कुबड्या घेतल्या की ती लंगडी. हे सगळं तिकडचं फॅड.' गावाकडे वडील भजनी मंडळात मृदंग वाजवतात. त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि 'हे गाणंबी न्हाई आन् भाषणबी न्हाई' एवढंच म्हणाले. कोणता व्हिडिओ, हे तिनं विचारलं नाही. तिची तक्रार अशी की गिटार तिचे शब्द गिळते. मागच्या कार्यक्रमात 'पाळी'ची शेवटची ओळ कुणाला ऐकूच गेली नाही. (कंसात तिनं लिहिलंय: 'तिथं मीच त्याला वाढव म्हणून खुणावलं होतं, मावशी समोर बसली होती.') प्रश्न असा: बँड सोडून एकटीनं उभं राहावं, की कवितेचं गाणं होऊ द्यावं?

*

वयानं लहान आहेस म्हणून एकेरीच लिहिते, राग धरू नकोस.

तुझं पत्र चार पानांचं. त्यातली साडेतीन पानं गिटारवर आहेत आणि एक वाक्य कंसात आहे. कंसातल्या वाक्याकडे मी येणारच आहे. आधी तुझ्या गुरुजींचं बघू, कारण त्यांच्या बोलण्यानं तू जास्त हलली आहेस असं दिसतं.

'तिकडचं फॅड' हे त्यांनी नेमकं कशाला म्हटलं? स्लॅम म्हणून जो कविता म्हणण्याच्या स्पर्धांचा प्रकार आहे तो खरोखर तिकडचा. शिकागोत 1986 च्या सुमारास मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम मजुरानं एका बारमध्ये सुरू केलेला. पण त्या स्पर्धांचा नियम माहीत आहे का? कवीला साधारण 3 मिनिटं, आणि वाद्यं चालत नाहीत. म्हणजे गिटारवाल्यासकट तुला त्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं. कवितेला वाद्यांची साथ देण्याचे प्रयोगही तिकडे झाले. 1957 साली सॅन फ्रान्सिस्कोत केनेथ रेक्सरॉथ आणि लॉरेन्स फर्लिंगेटी हे कवी जॅझच्या ताफ्यासोबत कविता म्हणत होते, पुढच्या वर्षी कवी लँग्स्टन ह्यूजनं जॅझवादक चार्ल्स मिंगसच्या साथीनं रेकॉर्ड काढली. छानच आहे ते. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे शाहीर डफावर थाप मारत उभा आहे.

पोवाडा डोळ्यांपुढे आण. डफ, तुणतुणं, झांज, मागे झीलकरी. शाहीर चौक म्हणतो, झीलकरी 'जी जी' करून ओळीचं शेपूट उचलतात. आणि कथेला रंग चढला की शाहीर गाणं सोडतो, दोन पावलं पुढे येतो आणि सरळ गद्यात बोलायला लागतो. मागे तुणतुण्याचा एकच स्वर चालू असतो. आता सांग, हे गाणं की भाषण? तुझ्या वडिलांनी जे वाक्य म्हटलं ते पोवाड्याचं चोख वर्णन आहे. तू ते नापसंती म्हणून वाचलंस. असेलही नापसंती. पण मृदंग वाजवणारा माणूस 'हे नक्की काय आहे' असं विचारतो तेव्हा तो ऐकत असतो, एवढं तरी धरायला हरकत नाही.

शाहीर पिराजीराव सरनाईकांचं हे गाव. कवी अरुण कोलटकर इथलेच, कोल्हापुरात जन्मले, आणि ते पखवाज शिकले होते. कीर्तनकारही अभंगाच्या एका चरणावर बोलत बोलत जातो आणि टाळकरी त्याला पुन्हा चरणावर आणून सोडतात. तेव्हा गुरुजींना (मनातल्या मनात, तोंडावर नको) सांग, की फॅड असेल तर चांगलं चार-पाचशे वर्षं टिकलेलं आहे.

कागदाचंही तेच. जात्यावरच्या ओव्या कुठल्या कागदावर उभ्या होत्या? लिहिता न येणाऱ्या बायकांनी त्या पिढ्यान् पिढ्या दगडाच्या घरघरीवर उभ्या ठेवल्या. तिथं जातं हेच वाद्य. ओवीला चरण साडेतीन. तो शेवटचा अर्धा चरण मला नेहमी बाईनं जात्याला बोलायला दिलेली जागा वाटतो. ती थांबते, दगड फिरतो, मग पुढची ओवी.

पण म्हणून गुरुजी चुकले, असं मी लिहून देणार नाही. वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर हे तिघं नुसत्या आवाजावर सभागृहं भरवत महाराष्ट्रभर फिरले, एकही वाद्य नव्हतं. शब्दाला स्वतःची लय असते, ती कुणी बाहेरून घालावी लागत नाही, एवढंच गुरुजींना म्हणायचं असेल तर ते खरं आहे. आणि तू पाठवलेले तिन्ही व्हिडिओ मी पाहिले. स्पष्ट बोलू? 'पाळी' उभी आहे, एकटीसुद्धा. बसस्टँडवरच्या म्हातारीची कवितापण. पण ती रंकाळ्यावरच्या पावसाची कविता गिटारनं उचलून धरली आहे. तिथं टाळ्या कॅहॉनच्या फिरकीवर पडतात, तुझ्या ओळीवर नाही, आणि हे तुलाही कळलंय असं वाटतं, कारण त्या व्हिडिओचा पत्रात तू उल्लेखसुद्धा केला नाहीस. गुरुजींना सोडू नकोस. वाद्यांबद्दलचं त्यांचं मत बाजूला ठेव आणि पेन्सिल हातात देऊन रंकाळ्याची कविता त्यांच्यापुढे टाक.

आता कंस.

'गिटार माझे शब्द गिळते' आणि 'मीच त्याला वाढव म्हणून खुणावलं' ही दोन वाक्यं एकाच पानावर आहेत, मध्ये चार ओळींचं अंतर. मी ते पान तीनदा वाचलं. पोरी, त्या रात्री गिटारनं तुझी ओळ गिळली नाही. तू ती तिच्या तोंडात दिलीस. समोर मावशी होती, ओळ बाईच्या पाळीबद्दल होती, आणि ती मावशीच्या कानावर पडू नये असं तुला वाटलं. यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या घरांत हा शब्द अजून कुजबुजीतच वापरतात, 'बाजूला बसली' म्हणतात, 'कावळा शिवला' म्हणतात. तो शब्द माइकवर म्हणणं हे सोपं काम नव्हेच. पण मग प्रश्न बँड ठेवायचा की सोडायचा हा राहत नाही. बँड सोडून एकटी उभी राहिलीस तर त्या ओळीला तू घाई करशील, आवाज पाडशील, नाहीतर ओळच गाळशील. झाकायला गिटार नसली की माणूस दुसरं काहीतरी शोधतो. मी शोधलेलं आहे, म्हणून सांगते.

म्हणजे आधी ठरव: ती ओळ तुला ऐकू जायला हवी आहे का? 'नाही' हेही उत्तर चालतं. काही कविता चार बायकांत म्हणायच्या असतात आणि सभागृहात म्हणायच्या नसतात. ते भित्रेपण नव्हे, निवड आहे. जानेवारीत 'पाळी' न घेता तास भरत असेल तर ती वगळ. पण घेणार असशील तर पूर्ण घे. ओळ म्हणायची आणि तिच्यावर गोधडीही टाकायची, हे सगळ्यात वाईट, कारण लोकांना झाकलेलं काहीतरी आहे एवढंच कळतं आणि मग ते आपापल्या मनानं भरतात. (ती ओळ मी इथं छापत नाही. ती आधी तुझ्या तोंडून निघू दे.)

ठरलं की मग साथीचं बघू, आणि इथं मात्र तुझ्या मित्राशी जरा बसून बोलावं लागेल. तो कवितेचा शत्रू नाही. त्याला चार ठोक्यांच्या चौकटीत वाजवायची सवय आहे आणि तुझी ओळ कधी आठ मात्रांत संपते, कधी अकरापर्यंत लोंबते. म्हणून तो म्हणतो, तोड. तोडू नकोस. त्याला सांग, तू ठेका धर, मी समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्याच्या, पुढे जाईन आणि माझ्या वेळेनं परत येईन. मुक्तछंद म्हणजे बेताल नव्हे. फक्त परत यायची जागा कवी ठरवतो. मराठी ओळ तालात बसवताना ऱ्हस्वाचं दीर्घ झालं की शब्द लगेच विद्रूप होतो. 'दिवस'चं 'दीवस' झालं की कविता गेली आणि जिंगल आली, म्हणून ओढाताण शब्दाची नको, ठेक्याची चालेल.

एक तालीम अशी कर. 'पाळी' आधी अगदी कोरडी म्हण, त्या दोघांनी वाद्यं खाली ठेवून ऐकायची. नुसतं ऐकायचं, हातानं मांडीवरसुद्धा ठेका नको. मग त्यांना विचार, कुठं वाजवावंसं वाटलं? कुठं वाजवू नये असं वाटलं? माझा अंदाज आहे की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ते तुझ्यापेक्षा आधी देतील. मग कवितेची छापील प्रत दोघांच्या हातात दे आणि जिथं वाद्य थांबायचं त्या शब्दाभोवती पेन्सिलनं गोल कर. आजवर त्या मुलांनी तुझी कविता वाचलेली नाही, फक्त ऐकलेली आहे, तीही स्वतःच्या वाजवण्याच्या आवाजातून. भरायचं ते ओळी संपल्यावर, ओळीच्या आत नाही. आणि प्रत्येक कवितेला साथ असलीच पाहिजे असं कुठंय? तासाभरात दोन कविता नुसत्या आवाजावर घे. त्यानंतर वाजणारा पहिला स्वर लोकांना वेगळाच ऐकू येईल.

माझ्या तरुणपणीची गोष्ट सांगते. एका गावातल्या संमेलनात आयोजकांनी कविसंमेलनाला कीबोर्डवाला बसवला होता. प्रत्येक कवितेमागे तो उदास काहीतरी धरायचा. माझी कविता आमच्या म्हशीवर होती, चांगली विनोदी. त्यानं असे काही करुण स्वर लावले की दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्याला लावला. म्हैस मेली असंच सगळ्यांना वाटलं. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता, त्याला कुणी कविता आधी दिलीच नव्हती.

आणखी एक, थोडं तांत्रिक. कॅफेत लोक दहा फुटांवर होते, शाहू स्मारकात शेवटची रांग लांब आहे. शब्द कळायला व्यंजनांची जी धार लागते ती साधारण 2,000 ते 4,000 हर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि स्टीलच्या तारांवर प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) ओढलं की नेमका तोच पट्टा भरून जातो. म्हणून गिटारचा आवाज नुसता कमी करून भागत नाही. त्याला बोटांनी वाजवायला सांग, जाड तारांवर, आणि तू बोलत असताना सगळ्या तारा एकदम झोडायच्या नाहीत. साउंडवाल्यालाही आधी भेट, गिटारचा तो पट्टा थोडा खाली घ्यायला सांग. कामातला माणूस लगेच समजेल. तुझा माइक तोंडापासून मूठभर अंतरावर, किंचित तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटणार नाहीत. आणि तालमीच्या दिवशी एका मैत्रिणीला शेवटच्या रांगेत बसव, कविता तिला आधी माहीत नसलेली. तिला जे ऐकू आलं ते तिनं लिहून काढायचं. आपल्याच गावात 1915 साली उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, माइक नसलेल्या काळातलं. तिथं गाणाऱ्या नटांना शब्द मागच्या रांगेत पोचवल्याशिवाय सुटका नव्हती. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते जळालं तेव्हा मी त्या वाटेनं दोन दिवस गेले नाही. असो.

ध्रुवपदाच्या मागणीवर तू फार चिडली आहेस. मला ती मागणी एवढी वाईट वाटत नाही. झीलकऱ्याचं 'जी जी' म्हणजे दुसरं काय आहे? फक्त ते बाहेरून चिकटवू नकोस, कवितेत असेल तर उचल. आणि 'पाळी'त ते आहे, तुझ्या लक्षात आलेलं नाही. तू शब्दाचे दोन अर्थ वापरलेस. तिसरा राहिला. 'आता कुणाची पाळी?' भांडी घासायला, पाणी भरायला, रात्री आजीजवळ जागायला, आता कुणाची पाळी? ही ओळ ती दोन पोरं म्हणू देत, वाद्य थांबवून, साध्या बोलण्याच्या आवाजात. पुरुषांच्या तोंडी तो प्रश्न कसा वाजतो ते तालमीत ऐक. जमलं नाही तर सोडून दे, मी काही तुझ्या कवितेची मालकीण नव्हे.

मालकीवरून आठवलं. पोस्टरवर नाव कुणाचं आणि व्हिडिओचे पैसे कुणाचे, हा विषय तू दोन ओळींत टाळून गेलीस. टाळू नकोस. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती. कविता तुझी, चाल त्याची. हक्क लेखी दिल्याशिवाय एकाचा दुसऱ्याकडे जात नाही, आणि लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा ती 5 वर्षं धरतो. मैत्रीत कागद कशाला, असं वाटेल. एका पानावर तिघांनी सही करून ठेवा: कोणती कविता, चाल कुणाची, बिदागीची वाटणी कशी, पुढे कुणी वेगळं झालं तर तीच कविता दुसऱ्या साथीनं म्हणता येईल की नाही. मिसळ खाता खाता होणारं काम आहे. नंतर वकिलाकडे व्हायला नको.

राहिले वडील. त्यांना स्टेजवर मृदंगासकट आणून बसव, असा सल्ला तुला दहा जण देतील. मी देणार नाही. तो तुझ्या व्हिडिओसाठी चांगला, त्यांच्यासाठी चांगला असेलच असं नाही. 'पाळी' त्यांना ऐकव, असंही म्हणणार नाही. ते घर तुझं, त्याचा अंदाज तुला. पण येत्या एकादशीला गावी जा आणि भजनाला बस. त्यांच्या बाजूला, हाताकडे बघत. बुवा नवा चरण उचलतात तेव्हा मृदंग साधा ठेका धरून असतो. चरण म्हणून झाला, टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं, की मग बोटं मोकळी सुटतात. पुन्हा चरण आला की पुन्हा आवरती. हे त्यांना कुणी कागदावर गोल करून दिलेलं नाही. कधी सोडायचं आणि कधी आवरायचं ते त्यांना विचार, मित्रासाठी विचारतेय असं सांग हवं तर. तुझ्या गिटारवाल्याला जे मी दोन परिच्छेदांत सांगू बघतेय ते ते हातानं दाखवतील. आणि कोणता व्हिडिओ पाहिला, तेही बोलता बोलता निघेल. निघालं नाही तर राहू दे.

ज्या बाकीच्यांनी अशीच पत्रं पाठवली आहेत (जयसिंगपूरचा तबला-कवितावाला, गारगोटीच्या दोघी बहिणी), त्यांनी यातलं तालमीचं आणि सहीच्या कागदाचं तेवढं घ्यावं. कंसातलं फक्त हिचं आहे.

आणि एक. मावशी समोर बसली होती, एवढंच लिहिलंस. कार्यक्रम संपल्यावर ती काय म्हणाली? ते कळव.